घोडं नेमकं कुठे पेंड खातंय? गेमिंग पीसीचं अपग्रेड ठरवताना

गेम अडखळायला लागला की पहिला संशय ग्राफिक्स कार्डावर जातो. नवं कार्ड येतं, बसतं, पंखे फिरतात आणि एफपीएसचा (सेकंदाला किती फ्रेम, म्हणजे चित्रं, दिसतात त्याचा) आकडा ५२ वरून ५५ वर जाऊन थांबतो. मग कार्डाच्या नावाने बोटं मोडणं सुरू. कार्डात खोट नसते. मागून प्रोसेसर त्याला वेळेवर काम देत नसतो, म्हणून ते निम्मा वेळ हात बांधून बसलेलं असतं.

एक फ्रेम पडद्यावर यायला दोन टप्पे लागतात. आधी प्रोसेसर हिशेब करतो: कोण कुठे उभं आहे, गोळी कुठे लागली, नजरेच्या टप्प्यात काय काय येतं, त्यातलं काय काढायचं. ती यादी ग्राफिक्स कार्डाकडे जाते आणि कार्ड चित्र रंगवतं. दोघं एकाच वेळी राबत असतात, प्रोसेसर पुढच्या फ्रेमवर आणि कार्ड आधीच्या. त्यामुळे ज्याला जास्त वेळ लागतो त्याच्या चालीने सगळ्यांना चालावं लागतं. समजा प्रोसेसरला एका फ्रेममागे १२ मिलिसेकंद लागतात आणि कार्डाला ९. मिळणार १००० भागिले १२, म्हणजे ८३ फ्रेम. कार्ड बदलून ९ चे ५ केले तरी ८३ च.

यातली मेख अशी की रिझोल्यूशन वाढवलं तर कार्डाचं काम वाढतं, प्रोसेसरचं जवळजवळ तेवढंच राहतं. १०८०पीमध्ये सुमारे २१ लाख पिक्सेल रंगवायचे असतात, १४४०पीमध्ये ३७ लाख, ४केमध्ये ८३ लाख. पण शत्रू किती आणि गाड्या किती, हे तिन्हीकडे सारखंच. म्हणून एकाच मशीनवर १०८०पीला प्रोसेसर अडवतो आणि ४केला कार्ड. हे एकदा लक्षात आलं की "या प्रोसेसरसोबत हे कार्ड म्हणजे १७ टक्के बॉटलनेक (अडथळा)" असं सांगणाऱ्या कॅल्क्युलेटरांचं काय करायचं ते वेगळं सांगायला नको. त्यांना ना तुमचा गेम माहीत असतो ना मॉनिटर. लो सेटिंगवरचा काउंटर-स्ट्राइक २ आणि पाथ ट्रेसिंग (प्रकाशाचा अतिशय जड हिशेब) लावलेला सायबरपंक २०७७ यांना एकाच टक्केवारीत बसवता येत नाही.

आधी मोजा

खर्च करण्याआधी तासभर मोजण्यात घालवावा. एमएसआय आफ्टरबर्नर हे मोजमापाचं सॉफ्टवेअर आणि त्याच्यासोबत येणारा रिव्हाट्यूनर एवढं पुरतं. पडद्याच्या कोपऱ्यात इतक्या गोष्टी दिसू द्या: कार्डाचा वापर, कार्डाचा क्लॉक (चालण्याचा वेग) आणि तापमान, व्हीरॅम (कार्डावरची मेमरी), प्रोसेसरच्या प्रत्येक थ्रेडचा (एका वेळी चालणाऱ्या कामाच्या धाग्याचा) वेगळा वापर, रॅम आणि फ्रेमटाइमचा (प्रत्येक फ्रेमला लागलेल्या वेळेचा) आलेख. व्ही-सिंक (फ्रेमचा वेग मॉनिटरला बांधणारं सेटिंग) आणि एफपीएसवरची मर्यादा दोन्ही बंद करा. हे विसरलं की ६० हर्ट्झला बांधलेलं कार्ड ५५ टक्के वापर दाखवतं आणि आपण विनाकारण प्रोसेसरला दोष देत बसतो. मेनूमध्ये मोजण्यात अर्थ नाही. गर्दीचा बाजार, मोठी लढाई, शहरातून वेगात गाडी, अशा ठिकाणी निदान दहा मिनिटं मोजा.

कार्डाचा वापर सतत ९५ टक्क्यांच्या वर असेल तर कार्डच मर्यादा आहे. हे चांगलं लक्षण आहे, गेमिंग मशीनमध्ये कार्डच दमलेलं असावं. वापर ६०-७० टक्क्यांवर रेंगाळत असेल आणि कुठली मर्यादा लावलेली नसेल, तर अडथळा प्रोसेसर किंवा रॅमच्या बाजूला आहे. इथे बरेच जण टास्क मॅनेजर उघडतात, प्रोसेसर ४० टक्केच वापरात दिसतो आणि गोंधळ उडतो. १२ थ्रेडच्या प्रोसेसरवर एक थ्रेड पूर्ण भरला तरी एकूण वापरात त्याचा वाटा ८ टक्क्यांच्या आसपासच असतो. गेमचा मुख्य थ्रेड एकच असतो आणि तो अडला की बाकीचे अकरा मोकळे असून उपयोग नाही.

याची खातरजमा करायला सोपी चाचणी आहे. तीच जागा, तेच सेटिंग, फक्त रिझोल्यूशन ७२०पी करा किंवा डीएलएसएस, एफएसआर (कमी रिझोल्यूशनला रंगवून चित्र मोठं करणारी तंत्रं) जे असेल ते परफॉर्मन्सवर न्या. आकडा जवळपास हलला नाही तर प्रोसेसर. चांगला वर गेला तर कार्ड. ७२०पीला जो आकडा मिळाला तो तुमच्या प्रोसेसरचं छप्पर समजा. कितीही महागडं कार्ड आणलं तरी त्या गेममध्ये त्या सेटिंगवर त्याच्या फार वर जाता येणार नाही. तो आकडा लिहून ठेवा, अपग्रेडचा निम्मा निर्णय त्यातच आहे.

सरासरीपेक्षा १ टक्का लो हा आकडा जास्त बोलका असतो. सर्वांत मंद १ टक्का फ्रेमचा वेग तो. सरासरी ९० आणि १ टक्का लो ३० असेल तर हाताला झटके जाणवणारच, आणि असा प्रकार कार्डाच्या ताकदीमुळे क्वचित होतो. रॅम भरलेली असते, व्हीरॅम ओसंडून वाहत असते, रॅमची एकच पट्टी बसवलेली असते, किंवा शेडर (चित्र रंगवण्यासाठी कार्डावर चालणारे छोटे प्रोग्राम) तयार होत असतात. शेवटचं ओळखणं सोपं: तोच रस्ता दुसऱ्यांदा पार केला आणि झटके गेले, तर ते शेडरचे होते. त्यावर बाजारातला कोणताही पार्ट औषध नाही.

आणि तापमान बघा. कार्डाचा किंवा प्रोसेसरचा क्लॉक दहा मिनिटांनी घसरत असेल तर आधी धूळ, पंखे आणि वाळलेली थर्मल पेस्ट. रायझेन ७००० मालिकेतले एक्सवाले प्रोसेसर पूर्ण भाराखाली ९५ अंशांपर्यंत जायलाच बनवलेले आहेत, तिथे घाबरायचं कारण नाही. पण गेममध्ये ९५ दिसत असेल तर कूलर नीट बसलेला आहे का, त्याच्या तळाचं प्लास्टिक काढलं होतं का, हे एकदा पाहावं. ते प्लास्टिक तसंच राहणं वाटतं त्यापेक्षा बऱ्याचदा घडतं.

सुरुवात मॉनिटरपासून

तोल म्हणजे प्रोसेसर आणि कार्डाची किंमत सारखी असणं, असा एक समज आहे. तसं काही नसतं. तोल ठरतो पडद्यावर, तुम्हाला कोणत्या गेममध्ये किती फ्रेम हव्यात यावरून. ६० हर्ट्झच्या १०८०पी मॉनिटरमागे १४० फ्रेम काढणारं कार्ड म्हणजे नाकापेक्षा मोती जड. त्यातल्या ६० च दिसणार. माऊसचा प्रतिसाद थोडा सुधारतो हे खरं, पण त्यासाठी एवढा खर्च करण्यापेक्षा मॉनिटरच बदलावा.

कथा असलेले, डोळ्यांना सुखावणारे गेम १४४०पीला ६० ते ९० फ्रेमने खेळायचे असतील तर पैशाचा मोठा वाटा कार्डाकडे जाऊ द्या, मधल्या फळीतला सहा कोअरचा प्रोसेसर पुरतो. १०८०पीला २४० हर्ट्झवर स्पर्धात्मक शूटर खेळायचा असेल तर हिशेब उलटा. तिथे एका फ्रेमला अवघे ४.२ मिलिसेकंद मिळतात आणि एवढ्यात प्रोसेसरने आपलं काम संपवायला हवं. तिथे मोठी कॅश (प्रोसेसरच्या आतली वेगवान मेमरी) असलेला प्रोसेसर आणि चांगली रॅम हाच खर्च, कार्ड मध्यम चालतं.

"४के मॉनिटर आहे, प्रोसेसर कसाही चालेल" हे आता अर्धसत्य झालं आहे. डीएलएसएस क्वालिटीवर असताना ४के चित्र आतमध्ये १४४०पीला रंगवलं जातं, परफॉर्मन्सवर १०८०पीला. म्हणजे मॉनिटर ४के असला तरी भार १०८०पीसारखा वाटला जातो आणि प्रोसेसरचं छप्पर पुन्हा डोक्याला लागतं. रे ट्रेसिंगचंही (प्रकाशकिरणांचा हिशेब करून चित्र काढण्याचं) तसंच. ते फक्त कार्डाचं काम समजलं जातं, पण दृश्याची रचना प्रत्येक फ्रेमला ताजी ठेवण्यात प्रोसेसरलाही राबावं लागतं. फ्रेम जनरेशनने (मधल्या फ्रेम कृत्रिमरीत्या घालण्याने) आकडा वाढतो, हातातला प्रतिसाद वाढत नाही. मुळात ६० च्या आसपास फ्रेम मिळत असतील तरच ते लावावं. ३० चे ६० केलेले दिसायला गुळगुळीत आणि खेळायला चिखल.

कार्ड: ताकद, व्हीरॅम आणि लेन

कार्डाची ताकद चाचण्यांच्या तक्त्यांवरून कळते, त्यावर इथे वेळ घालवत नाही. तक्त्यात नीट न दिसणाऱ्या दोन गोष्टी आहेत.

पहिली व्हीरॅम. आरटीएक्स ४०६० टीआय ८ जीबी आणि १६ जीबी अशा दोन रूपांत आलं, चिप तीच. बहुतेक गेममध्ये दोन्ही सारखी धावतात. पण टेक्स्चर अल्ट्रावर नेले, रे ट्रेसिंग लावलं, फ्रेम जनरेशन चालू केलं की काही गेममध्ये ८ जीबीवालं कोलमडतं, कारण उरलेला माल मदरबोर्डवरच्या रॅममध्ये ठेवावा लागतो आणि तिथून आणणं कितीतरी पटींनी मंद. सरासरी फार पडत नाही, झटके बसतात. आफ्टरबर्नरमध्ये व्हीरॅम काठोकाठ दिसली म्हणजे ती कमी पडतेय असं मात्र नाही. गेम जास्तीची जागा आधीच अडवून ठेवतात. टेक्स्चर एक पायरी खाली आणा. झटके गेले तर खरंच कमी पडत होती. आज १४४०पीसाठी नवं कार्ड घेताना १२ जीबीच्या खाली जाऊ नये असं आमचं मत. १०८०पीला ८ जीबी चालतं, पण टेक्स्चरशी तडजोड करायची तयारी हवी.

दुसरी गोष्ट लेन, म्हणजे कार्ड आणि बोर्ड यांच्यातल्या माहितीच्या वाटा. कार्डाचा सोनेरी दात पूर्ण लांबीचा दिसला तरी आत सोळाही लेन जोडलेल्या असतीलच असं नाही. आरएक्स ६६०० आणि आरटीएक्स ४०६० यांना आठच लेन आहेत, आरएक्स ६५०० एक्सटीला तर चार. पीसीआय एक्सप्रेस (या जोडणीचं मानक) ३.० मध्ये एका लेनवरून सेकंदाला जवळपास १ जीबी जातो, ४.० मध्ये २. म्हणजे जुन्या ३.० बोर्डावर ६५०० एक्सटीच्या वाट्याला ४ जीबी प्रति सेकंद येतात, आणि त्याची व्हीरॅमही ४ जीबीच. व्हीरॅम भरली की वाटही अरुंद. नेमकं जुनं मशीन असलेलाच माणूस असं स्वस्त कार्ड घेतो आणि नेमका त्यालाच त्याचा फटका सर्वांत जास्त बसतो. आठ लेनच्या कार्डांचं ३.० बोर्डावर एरवी फारसं अडत नाही, व्हीरॅम उतू जाईपर्यंत.

इंटेलच्या आर्क कार्डांबद्दल एक सूचना. त्यांना रिसाइझेबल बार (प्रोसेसरला कार्डाची सगळी व्हीरॅम एकदम वापरू देणारं मदरबोर्डाचं सेटिंग) लागतोच. तो नसेल तर वेग बराच कोसळतो. आणि डिसेंबर २०२४ मध्ये आलेलं बी५८० जुन्या सहा-कोअर प्रोसेसरांसोबत अपेक्षेपेक्षा मागे पडतं, कारण त्याचा ड्रायव्हर प्रोसेसरवर जास्त भार टाकतो. चांगलं कार्ड आहे, पण जुन्या मशीनसाठी नाही.

प्रोसेसर: सॉकेट काय म्हणतं

इथे प्रश्न एकच: आहे त्या बोर्डावर चांगला प्रोसेसर बसतो का? एएम४ (एएमडीच्या रायझेनचं जुनं सॉकेट, म्हणजे प्रोसेसर बसतो ती जागा) बोर्ड असेल तर नशीब चांगलं. २०१७ मध्ये रायझेन १६०० साठी घेतलेल्या बऱ्याच बोर्डांवर बायोस (बोर्डाचं मूळ सॉफ्टवेअर) अपडेट करून रायझेन ५ ५६०० किंवा २०२२ चा ५८००एक्स३डी बसतो. ५६०० मध्ये एल३ कॅश ३२ एमबी, ५८००एक्स३डीमध्ये ९६. गेम चालवताना प्रोसेसर बराच वेळ रॅममधून माहिती येण्याची वाट बघण्यात घालवतो. ती माहिती कॅशमध्येच सापडली की वाट बघणं टळतं. नुसत्या कॅशने फ्रेम वाढतात त्या यामुळे.

क्रम मात्र पाळावा. बोर्ड बनवणाऱ्या कंपनीच्या साइटवर प्रोसेसरची यादी असते आणि प्रत्येकासमोर लागणारी बायोस आवृत्ती. जुना प्रोसेसर बसलेला असतानाच बायोस अपडेट करा, कारण नवा बसवल्यावर पडदा काळाच राहिला तर अपडेट करणार कशाने? काही बोर्डांवर बायोस फ्लॅशबॅकचं बटण असतं, ते प्रोसेसरशिवायही चालतं, पण स्वस्त बोर्डांवर ते सहसा नसतं. विंडोजमध्ये ड्राइव्ह एन्क्रिप्शन चालू असेल तर रिकव्हरी की आधी दुसरीकडे लिहून ठेवा. प्रोसेसर बदलला की एएमडीच्या बोर्डावर एफटीपीएम (एन्क्रिप्शनच्या किल्ल्या सांभाळणारा भाग) रीसेट करायचं का असं विचारलं जातं. हो म्हटल्यावर विंडोज ती की मागतं, आणि ती नसेल तर ड्राइव्ह कुलूपबंद.

एएम४चा जुना कूलर काढताना घाई नको. या प्रोसेसरच्या पिना चिपलाच असतात, आणि वाळलेली पेस्ट कूलरला इतकी घट्ट चिकटते की सरळ वर ओढला तर सॉकेटची कडी बंद असतानाही प्रोसेसर उपटून येतो आणि पिना वाकतात. दहा मिनिटं गेम चालवून मशीन गरम करा, बंद करा, वायर काढा, कूलर डावी-उजवीकडे हळूच फिरवत सोडवा. एएम५ (एएमडीचं नवं सॉकेट) आणि इंटेलमध्ये पिना सॉकेटात असतात, तिथे काळजी सॉकेटची घ्यायची.

इंटेलकडे वाट आखूड असते. एलजीए ११५१ नावाची दोन सॉकेटं आहेत, दिसायला सारखी: सहावी-सातवी पिढी १०० आणि २०० मालिकेच्या बोर्डांवर, आठवी-नववी ३०० मालिकेवर. आय५-७४०० च्या जागी आय५-८४०० बसेल असं वाटतं, पण चालत नाही. एलजीए १७०० वर बारावी ते चौदावी पिढी चालते, तिथे आय५-१२४०० वरून वर जायला वाव आहे. तेरावी-चौदावी पिढीतला वरच्या श्रेणीचा वापरलेला प्रोसेसर घेत असाल तर तो कुठल्या बायोसवर चालत होता ते विचारा. २०२४ मध्ये इंटेलने जास्त व्होल्टेजमुळे होणारी झीज थांबवायला मायक्रोकोड (बायोस अपडेटमधून येणारं, प्रोसेसरच्या आतलं सॉफ्टवेअर) काढला. तो पुढची झीज थांबवतो, झालेली भरून काढत नाही.

कोअर किती? गेमसाठी सहा कोअर, बारा थ्रेड आजही बहुतेक ठिकाणी पुरतात. चार कोअर, चार थ्रेड मात्र आता संपले. सरासरी ठीक दिसते, १ टक्का लो जमिनीला टेकलेला असतो. सोळा कोअर व्हिडिओ रेंडर करणाऱ्यांनी घ्यावेत.

रॅम, जिथे फुकटचा वेग पडून असतो

टास्क मॅनेजरमध्ये परफॉर्मन्स, मग मेमरी. तिथे वेग आणि किती स्लॉट वापरात आहेत ते दिसतं. डीडीआर४-३२०० घेतली आणि तिथे २१३३, २४०० किंवा २६६६ दिसतंय? म्हणजे एक्सएमपी कधी चालूच केलं नव्हतं. खोक्यावरचा वेग आपोआप लागत नाही, बायोसमध्ये जाऊन एक्सएमपी, एएम५ बोर्डावर एक्स्पो, चालू करावा लागतो. सीपीयू-झेड या सॉफ्टवेअरमध्ये १६०० दिसलं तर दचकू नका. तो मूळ क्लॉक दाखवतो, डीडीआरमध्ये त्याची दुप्पट धरायची.

एकच पट्टी असेल तर वेग निम्मा. डीडीआर४-३२०० ची एक पट्टी सेकंदाला २५.६ जीबी देते, दोन चॅनेलवर दोन पट्ट्या ५१.२. चार स्लॉटच्या बोर्डावर दोन पट्ट्या प्रोसेसरपासून दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये घालायच्या. शेजारी शेजारी घातल्या तर बऱ्याच बोर्डांवर दोन्ही एकाच चॅनेलवर जातात आणि दोन पट्ट्या असूनही वेग एकीचाच.

सीएलचा (रॅम उत्तर द्यायला किती चक्रं घेते त्याचा) आकडा एकटा वाचू नये. सीएलला २००० ने गुणा, वेगाने भागा, नॅनोसेकंद मिळतात. ३२०० सीएल१६ म्हणजे १०. ३६०० सीएल१८ म्हणजेही १०. ६००० सीएल३० तेही १०, पण ६००० सीएल३६ म्हणजे १२. एएम५ साठी ६००० सीएल३० ची जोडी हा ठरलेला चांगला सौदा आहे. त्याहून वेगवान रॅमवर पैसे घालण्यापेक्षा ते कार्डात घालावेत.

१६ जीबी आहे आणि ३२ करायचे आहेत, तर मोकळ्या स्लॉटात अजून दोन पट्ट्या टाकायचा मोह होतो. डीडीआर४ मध्ये ते बहुधा निभावतं, वेगवेगळ्या कंपनीच्या असल्या तर सगळ्या सर्वांत मंद पट्टीच्या चालीने चालतात. डीडीआर५ मध्ये हे टाळावं. एएम५ वर चार पट्ट्यांसाठी एएमडीचा अधिकृत वेग फक्त ३६०० आहे. तिथे जुनी जोडी विकून १६-१६ ची नवी जोडी घेणंच बरं. आणि डीडीआर५ मशीन पहिल्यांदा चालू केल्यावर पडदा काही मिनिटं काळा राहू शकतो, कारण बोर्ड रॅमशी जुळवून घेत असतो. त्या वेळी घाबरून पॉवरचं बटण दाबलं की ते पुन्हा पहिल्यापासून सुरू होतं.

एसएमपीएस

सगळ्यांना वीज पुरवणारा, मशीनमध्ये सर्वांत शेवटी आठवणारा आणि बिघडला तर इतरांनाही घेऊन जाणारा पार्ट. हिशेब असा: कार्डाचे वॅट, प्रोसेसरचे प्रत्यक्षातले वॅट, बाकी सगळ्याचे ७०. आरटीएक्स ४०७० चे २००, आय५-१२४०० चे टर्बोमध्ये (पूर्ण वेगात) ११७, असे ३८७. याला दीडने गुणलं की ५८०, म्हणजे चांगल्या बनावटीचा ६०० ते ६५० वॅट. दीडपट यासाठी की कार्ड क्षणभर ठरलेल्यापेक्षा बरंच जास्त ओढतं, आणि तो क्षण जुना एसएमपीएस झेपवू शकला नाही तर संरक्षण म्हणून बंद पडतो. गेम ऐन रंगात आलेला, तापमान ठीक, आणि मशीन अचानक काळं होऊन पुन्हा सुरू होतं. बहुतेक वेळा हेच कारण. २०२२ च्या एटीएक्स ३.० मानकात असे दुपटीपर्यंतचे क्षणिक झटके सोसण्याची अट आहे. प्रोसेसरच्या खोक्यावरचं ६५ वॅट खरं धरू नका: एएम४ वरचे अनेक ६५ वॅटवाले रायझेन ८८ पर्यंत जातात, १०५ वाले १४२ पर्यंत.

८० प्लस गोल्ड म्हणजे वीज किती कमी वाया जाते त्याचं प्रमाणपत्र. आतले कपॅसिटर आणि संरक्षण कसं आहे ते त्यावरून कळत नाही, त्यासाठी त्या मॉडेलची उघडून केलेली चाचणी वाचावी.

वायरींबद्दल तीनच गोष्टी, पण तिन्ही महागात पडणाऱ्या. मॉड्युलर (सुट्या वायरींचा) एसएमपीएस बदलला तर जुन्या वायरी तशाच ठेवू नका. एसएमपीएसच्या बाजूची जोडणी प्रत्येक कंपनीची वेगळी असते, सारखी दिसते, बसतेही, आणि ड्राइव्ह जळू शकतात. कार्डाला दोन ८-पिनी जोडण्या असतील तर दोन स्वतंत्र वायरी द्या. एका ८-पिनीतून १५० वॅट आणि स्लॉटमधून ७५ हे मानक आहे. नव्या १६-पिनी जोडणीत वायर पूर्ण आत गेली आहे का ते उजेडात बघा, आणि जोडणीच्या अगदी लगत वायर वाकवू नका. अर्धवट बसलेली जोडणी वितळू शकते.

कंपनीने जोडून विकलेलं तयार मशीन असेल तर आधी झाकण उघडा. त्यातला एसएमपीएस आणि मदरबोर्ड पुष्कळदा स्वतःच्याच मापाचे असतात, बाहेरचे बसत नाहीत, आणि कार्डासाठी वेगळी वायरच नसते. अशा ठिकाणी फक्त स्लॉटच्या ७५ वॅटवर चालणारं कार्ड घ्यायचं किंवा सगळंच नवं.

कॅबिनेट मोजपट्टीने मोजा: कार्डाची लांबी, जाडी, कूलरची उंची, आणि पुढे रेडिएटर असेल तर त्याची जाडी वजा. एसएसडी नसेल तर आधी ती घ्या. असेल तर सेकंदाला ३५०० एमबीवरून ७००० वर जाऊन गेम उघडायला एक-दोन सेकंद वाचतात, फ्रेम वाढत नाहीत. एम.२ स्लॉट भरल्यावर एखादा साटा पोर्ट बंद पडतो का ते मात्र बोर्डाच्या पुस्तिकेत बघा. नाहीतर जुनी हार्ड डिस्क "गायब" होते.

दोन मशीनं

पहिलं: रायझेन ५ २६००, बी४५० बोर्ड, डीडीआर४-३२०० च्या दोन ८ जीबी पट्ट्या, जीटीएक्स १०६० ६ जीबी, ४५० वॅट, १०८०पी १४४ हर्ट्झ. चाचणीत कार्ड ९९ टक्के, पण ७२०पीला आकडा ७५ च्या वर जात नाही. म्हणजे दोघंही थकलेत. नुसतं कार्ड आणलं तर ७५ ला आपटणार. इथे रायझेन ५ ५६०० आणि आरटीएक्स ४०६० च्या वर्गातलं कार्ड ही जोडी शोभते: ४०६० चे ११५ वॅट म्हणजे १०६० च्या १२० पेक्षाही कमी, त्यामुळे एसएमपीएस चांगल्या कंपनीचा आणि फार जुना नसेल तर तसाच राहू शकतो. आरटीएक्स ४०७० च्या वर्गात गेलात तर एसएमपीएस बदलावा लागेल आणि त्या कार्डाचं चीज व्हायला १४४०पी मॉनिटरही. एकाचे तीन खर्च.

दुसरं: आय५-७४००, डीडीआर४ ची एक ८ जीबी पट्टी, जीटीएक्स १०५० टीआय. या बोर्डावर चढायची शेवटची पायरी आय७-७७००के, तीही चार कोअरचीच. त्यावर पैसे घालू नयेत. विंडोज ११ या पिढीला अधिकृतपणे चालत नाही आणि विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. बोर्ड, प्रोसेसर आणि रॅम हे त्रिकूट एकदम बदलायचं; कॅबिनेट आणि एसएसडी राहतील. पैसे दोन हप्त्यांत येणार असतील तर पहिल्या हप्त्यात कार्ड आणि एसएमपीएस घ्या, कारण ते दोन्ही पुढच्या बोर्डावर जसेच्या तसे जातात. उलट या बोर्डासाठी आज जास्तीची रॅम घेतली आणि पुढे एएम५ वर गेलात, तर ती डीडीआर४ पट्टी तिथे बसतच नाही, खाचच वेगळ्या जागी असते.

सगळं जोडून झाल्यावर

कार्डाची कंपनी बदलली असेल तर सेफ मोडमध्ये डीडीयू हे सॉफ्टवेअर चालवून जुना ड्रायव्हर पुसा, मग नवा घाला. बायोस अपडेट केल्यावर सगळी सेटिंग मूळ पदावर जातात, म्हणून एक्सएमपी पुन्हा चालू करा. रिसाइझेबल बार चालू आहे का आणि कार्डाला किती लेन मिळाल्यात, हे जीपीयू-झेडमध्ये दिसतं. बार चालू होत नसेल तर बायोसमध्ये सीएसएम (जुन्या पद्धतीने मशीन सुरू करण्याची सोय) बंद करावं लागतं, पण त्याआधी विंडोजची डिस्क जीपीटी (डिस्कच्या मांडणीची नवी पद्धत) आहे का ते बघा, एमबीआर (जुनी पद्धत) असेल तर मशीन सुरूच होणार नाही. विंडोजच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये १४४ हर्ट्झ निवडा; नवी वायर किंवा नवं कार्ड आलं की ते गुपचूप ६० वर गेलेलं असतं.

मग तीच जागा, तेच सेटिंग, तीच दहा मिनिटं, आणि आधी लिहून ठेवलेल्या आकड्यांशेजारी नवे आकडे. आणि आकडे पहिल्यापेक्षा भयानक कमी आले, तर काहीही उघडण्याआधी मशीनच्या मागे वाकून बघा: मॉनिटरची वायर कार्डात न जाता मदरबोर्डाच्या पोर्टात खोचलेली असण्याची शक्यता बरीच आहे.